ओसाड वाळवंटी ठाण्याखाली खरंच गुप्त भुयारं लपवता येतात का?

हो, येतात. आपलं पोखरणच बघा. वरून पाहिलं तर राजस्थानातल्या रणरणत्या उन्हातलं साधं लष्करी ठाणं, आणि खाली अणुचाचणीसाठी खणलेले खोल शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखी उभी भुयारं. त्यातल्या सर्वांत खोल शाफ्टचं सांकेतिक नाव होतं 'व्हाइट हाउस', तो 200 मीटरहून खोल.

खरी कसोटी खणण्याची नव्हती, लपवण्याची होती. 1995 मध्ये अमेरिकेच्या उपग्रहांनी इथली तयारी टिपली होती आणि दबावामुळे चाचणी थांबवावी लागली. म्हणून 1998 ला ५८ इंजिनिअर रेजिमेंटच्या जवानांनी मुख्य कामं रात्री उरकली. उजाडायच्या आत यंत्रं पुन्हा जागच्या जागी, जणू हललीच नाहीत. उपसलेल्या वाळूचे ढीगसुद्धा वारा रचतो तसे, त्याच दिशेनं घातले! मला तर या बारकाव्याचं शास्त्रज्ञांच्या कामाइतकंच कौतुक वाटतं. शास्त्रज्ञही लष्करी गणवेशात वावरायचे, त्यात आपले अनिल काकोडकरही होते. अण्वस्त्रं मुंबईहून, भाभा अणुसंशोधन केंद्रातून नेली होती.

11 मे 1998 ला दुपारी पावणेचारला स्फोट झाले, तोवर अमेरिकेला पत्ताच लागला नव्हता.