‘तूच खुला घे’ म्हणतोय? मग सही नको

ताई, तुमच्या मैत्रिणीला तिचा नवरा जे म्हणाला, ते तुमच्या प्रश्नातलं वाक्य मी दोनदा वाचलं: ‘मी तलाक देत नाही, तूच खुला घे. कागद तयार आहे, शुक्रवारी जमातीत येऊन सही कर.’ खुला म्हणजे बायकोने मागून घेतलेली सुटका, आणि जमात म्हणजे समाजाची बैठक. मैत्रिणीला सांगा, जायचं तर खुशाल जा, चहा पी, पण सही न करता परत ये.

नवऱ्याने तलाक दिला की मेहेरची, म्हणजे निकाहात त्याने बायकोला कबूल केलेली, थकलेली रक्कम त्याला चुकवावी लागते. बायकोने खुला मागितला तर सहसा तीच मेहेर परत करते किंवा सोडते. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आठवणींच्या संग्रहात, त्यांचे साथी साबित बिन कैस यांच्या पत्नीचा किस्सा आहे. नवऱ्याच्या वागण्यात किंवा दीनमध्ये (धर्माचरणात) खोट नाही, पण त्याच्याबरोबर राहणं जमत नाही, असं ती पैगंबरांना सांगते. ते विचारतात, ‘त्याने मेहेरात दिलेली बाग परत करशील?’ ती म्हणते, ‘हो.’ विषय संपला. म्हणजे बाईला सुटायचं असेल तेव्हाची ही वाट. इथे सुटायचंय नवऱ्याला आणि बाग सोडायची हिने!

मी बारा वर्षं एका वकिलांकडे टायपिंग केलं. असे कागद घरूनच तयार होऊन यायचे, फक्त नावाची जागा रिकामी. तिसऱ्या परिच्छेदात ठरलेली ओळ: ‘मी राजीखुशीने मेहेर, इद्दतीचा खर्च व पोटगीचे सर्व हक्क माफ करीत आहे.’ एक बाई मला विचारत होती, इथे काय लिहिलंय? तिला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. निकाहनामा उर्दूत होता, माफीनामा मराठीत.

त्याला वेगळं व्हायचंय तर त्याने रीतसर तलाक द्यावा. कुराणात (4:35) आधी दोन्हीकडचा एकेक मध्यस्थ बसवायला सांगितलंय. त्यातूनही जमलं नाही तर एकदाच तलाक, मग इद्दत, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायचा काळ, साधारण तीन पाळ्या, आणि तेवढ्यात मन बदललं तर परत संसार. नुसतं ‘मी मागेच तलाक दिला होता’ म्हणून भागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दगडू पठाण प्रकरणात 2002 मध्ये ते स्पष्ट केलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा प्रकरणात तेच म्हटलं. एका दमात तीनदा म्हणाला तर तो तलाकच नाही, शिवाय 2019 पासून तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा. एकदाच दिलेल्या तलाकला मात्र हा गुन्हा लागत नाही. त्यामुळे कुणी ‘पोलिसात टाकू’ म्हणालं तर आधी तलाक कसा दिला ते विचारा.

आणि खरंच तिलाच सुटायचं असेल तर? मग 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. दोन वर्षं खर्च दिला नाही, चार वर्षं पत्ता नाही, छळ केला, यातलं एक कारण सिद्ध झालं तरी कोर्ट निकाह मोडतं, नवऱ्याची ना असली तरी. त्याच कायद्याच्या कलम 5 प्रमाणे तिचा मेहेरवरचा हक्क शाबूत राहतो. हे कलम जमातीत कुणी सांगताना मी तरी ऐकलं नाही. (हा कायदा आला तोच मुळी नाइलाजातून. हनफी या सुन्नी पंथाच्या बायकांना सुटकेची वाट सापडेना, म्हणून काही जणी धर्मच सोडायला लागल्या होत्या. मग उलेमांनीच (धर्मपंडितांनीच) मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या मताचा आधार घेतला.)

दोघांनाही नको असेल तर मुबारात, म्हणजे दोघांच्या संमतीने वेगळं होणं, आहे. त्यात मेहेर, दागिने, मुलांचा खर्च सगळं आधी लिहून घ्या, सह्या नंतर.

जमातीतली जाणती माणसं भांडण मिटवतातही, माझ्या मावशीचं त्यांनीच मिटवलं. पण दारुल कझाच्या (शरियतप्रमाणे निवाडा करणाऱ्या मंडळाच्या) निर्णयाला कायद्याचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलंय. पोटगीचा हक्क तलाकनंतरही आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा 2024 चा निकाल आहे.

शुक्रवारच्या आधी मूळ निकाहनामा आणि दागिन्यांची यादी माहेरी आणून ठेवा. नवऱ्याचा ‘तूच खुला घे’ हा मेसेज असेल तर पुसू नका. तोंडीच बोलला असेल तर तिने व्हॉट्सॲपवर एवढंच विचारावं, ‘तुम्ही काल काय म्हणालात, मला नीट कळलं नाही.’ लिहून पाठवेल बहुतेक.