त्सुकुबाच्या पिशव्या: काळं कापड घेऊ नका

तुमची पोस्ट वाचून हसूही आलं आणि पोटात कालवलंही. ‘जपानमधल्या त्सुकुबा सेंटर बिल्डिंगच्या चौकाची नक्षी टोट बॅगवर छापायची आहे, मळखाऊ म्हणून काळं कापड घेऊ का?’ नका घेऊ! मी घेतलं होतं. शंभर पिशव्या, काळ्या कॅनव्हासवर पांढऱ्या रेषा. दिसायला झकास.

पहिल्याच दिवशी एक आजोबा पिशवी उलटसुलट करून म्हणाले, “छान आहे, पण हे रोम आहे.”

बरोबरच होतं. वास्तुकार अराता इसोझाकींनी १९८३ च्या या इमारतीत मायकेलअँजेलोचा रोममधला कांपिदोलिओ चौक मुद्दाम उलटा केलाय. रोमचा चौक टेकडीवर, इथला खड्ड्यात. तिथे मधोमध घोडेस्वार सम्राट, इथे मधे कोणीच नाही, पाणी वाहत येतं आणि जिरतं. फरसबंदीच्या गडद-फिक्या छटाही उलट्या. तिथे काळसर जमिनीवर पांढऱ्या रेषा आहेत, म्हणजे मी पदरच्या पैशांनी इसोझाकींचा विनोद पुसून टाकला होता. तेव्हा बिनरंगवलेलं, जाड सुती कापड घ्या आणि छापण्याआधी चौकात उभं राहून नक्षी पडताळा. नेटवरचा फोटो उचलू नका, फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याचा असतो.

परवानगीचं म्हणाल तर मी वकील नाही, माझ्या भरवशावर पैसे लावू नका. पण जपानच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ४६ एकदा वाचाच. इमारतीचं चित्र काढून विकायला ते आडवं येत नाही. तशीच दुसरी इमारत बांधायला मात्र येतं, पण तुम्ही पिशवीच शिवताय. उघड्यावर कायम उभ्या असलेल्या शिल्पाची गोष्ट वेगळी, निव्वळ विकण्यासाठी त्याची नक्कल चालत नाही. म्हणून चौकातलं ते ब्राँझचं झाड चित्रातून वगळा.

हे मला एका कार्यालयाने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! पाच महिने फॉर्म, शिक्के, ‘संबंधित व्यक्ती आज जागेवर नाही’. शेवटी उत्तर काय, तर याला आमची परवानगी लागतच नाही. तोवर ज्या मेळ्यासाठी हा खटाटोप केला तो होऊनही गेला होता. राग अजून गेलेला नाही, सोडा.

बाकी, पिशवीचे बंद खांद्यावर अडकतील इतके लांब ठेवा. जपानी ग्राहक आधी तेच बघतो, असं माझं मत आहे, चुकीचंही असेल. उरलेल्या साठ-एक पिशव्या मी पुण्याला नेल्या. सासूबाई त्यातून मेथी आणतात, तक्रार नाही.