गणित सोडू देऊ नका, भाऊ

आर्वी तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला, बायोलॉजीसोबत गणितही आहे. मागच्या महिन्यात तिच्या मामाने मोबाइलवर एक मेसेज दाखवला: मुलगा-मुलगी यांच्या मेंदूत गर्भातच जनुकं वेगवेगळी चालतात, उंदरांवर सिद्ध झालंय. त्यावर मामांचा निकाल, ‘पोरीच्या डोक्याले गणित झेपत नसते, सोडून द्या म्हणा, नुसती नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) करू द्या.’ पोरीने मेसेज वाचला आणि ठरवलं, आपल्याला हेच शिकायचंय. वडील विचारतात, यात खरं किती, हे शिकतात कुठे, आणि यावर पोट भरतं का?

भाऊ, मेसेज अगदीच हवेतला नाही. 2003 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी साडेदहा दिवसांच्या उंदराच्या गर्भांचे मेंदू तपासले. त्या वयात वृषण-अंडाशय तयारच झालेले नसतात, म्हणजे नर-मादीची संप्रेरकंही (हार्मोन्स) नसतात. तरीही पन्नासच्या वर जनुकं नर आणि मादी गर्भांत कमीजास्त चालू असलेली दिसली. त्याआधी बराच काळ समज असा होता की हा सगळा खेळ संप्रेरकांचा. त्यालाही आधार होताच: 1959 मध्ये गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक टोचलं, तर त्यांच्या मादी पिल्लांचं मोठेपणीचं वागणं नरासारखं झालं. आता कळतं की संप्रेरकं तर आहेतच, पण नर की मादी हे ठरवणाऱ्या X आणि Y गुणसूत्रांवरची जनुकं त्यांच्याही आधी कामाला लागतात.

संप्रेरकांची गोष्ट तुम्हाला उंदराशिवायही माहीत असेल. गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, की ती कालवड पुढे बहुतेक गाभण राहत नाही. गावात ‘अशी कालवड ठेवू नये’ म्हणतात, पण त्याचं कारण कोणी सांगत नाही. पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याची संप्रेरकं कालवडीच्या रक्तात उतरतात आणि तिची अंडाशयं नीट वाढत नाहीत. दहातल्या नऊ तरी वांझ निघतात. फ्रँक लिली नावाच्या शास्त्रज्ञाने 1916-17 मध्ये हे मांडलं. गोठ्यात असं जुळं झालेलं असेल तर पोरीला जरूर सांगा.

आता मामांचं गणित. साडेदहा दिवसांच्या उंदराच्या मेंदूत एखादं जनुक किती चालतं, यावरून आर्वीची पोरगी त्रिकोणमिती सोडवेल की नाही, हे कसं निघतं? नाहीच निघत. ते आकडे बऱ्याच गर्भांच्या सरासरीचे, शिवाय त्यातल्या बहुतेक जनुकांचं काम पुढे वागण्यात कसं उतरतं हे अजून शोधलं जातंय. सरासरीवरून एका पोरीचा निकाल लावायचा नसतो.

आणि गंमत बघा, तिला जे शिकायचंय त्यात निम्मं काम गणिताचंच आहे. मेंदूच्या तुकड्यातून आरएनए (कोणतं जनुक किती चालू आहे हे ज्यावरून कळतं तो रेणू) काढायचं, मशीनवर वाचायचं आणि मग हजारो जनुकांचे आकडे घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं: फरक खरा की योगायोगाचा? तिथे संख्याशास्त्र लागतं, थोडं प्रोग्रामिंगही. ज्याला आकडे नको वाटतात तो या कामात टिकत नाही, मग मुलगा असो की मुलगी.

रस्ता सरळ सांगतो. आयसर या केंद्र सरकारच्या संस्था आहेत, त्यातली एक पुण्यात, एक भोपाळला. बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस. प्रवेश परीक्षेत एकूण 60 प्रश्न: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित, प्रत्येकी 15. गणित आज सोडलं म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा बांधावरच सोडून आलो. तिथे नाही जमलं तर अमरावती-नागपूरकडे बीएस्सी करून आयआयटीच्या जॅम परीक्षेने एमएस्सीला जाता येतं. लांबचा फेरा आहे, पण जाणारे जातात.

दुसरी वाट नीटमार्गेच, नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची. साडेपाच वर्षं, इंटर्नशिपसकट. नंतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, किंवा एमव्हीएस्सीला (पशुवैद्यकातली पुढची पदवी) जनुकशास्त्र घेऊन संशोधनाकडे वळता येतं. घरची ओढाताण असेल तर मी हीच वाट आधी सुचवेन. हातात डिग्री पडली की पोट भरतं, आणि जनावरं तिच्या ओळखीची आहेत.

पोटाचं खरं सांगायचं तर शुद्ध संशोधनाला दहा-एक वर्षं लागतात. नेट-जेआरएफ ही संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा निघाली तर पीएचडी करताना महिन्याला 37,000 रुपये मिळतात (2023 पासूनचा दर), पण प्राध्यापकीची जागा लगेच मिळेल असं मी कोणाला म्हणत नाही. मधल्या काळात लग्नाचा विषय निघेल, तो घरात आताच बोलून ठेवा.

सध्या नीट आणि आयसर दोन्हींची तयारी एकत्र होते, अभ्यास बराचसा तोच आहे. गणित सोडण्याचा अर्ज कॉलेजात दिला असेल तर सोमवारी जाऊन परत घ्या.