अकरा वेळा थांबवलेली गाडी

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ६१. सार्वजनिक बांधकाम खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. ३६ वर्षं रस्ते कागदावर काढले, त्यातले बहुतेक डोळ्यांनी कधी पाहिले नाहीत. निवृत्तीनंतर फोनवर एका ग्रुपमध्ये गेले. रस्त्यांचा छंद असलेली देशोदेशीची माणसं आहेत. कुणी पुलांचे फोटो टाकतं, कुणी जुन्या पाट्यांचे, कुणी मैलाच्या दगडांचे. मी वरंध आणि आंबेनळी घाटांचे टाकायचे. दगडी मोरीची कमान कशी रचलेली असते हे मी लिहिलं की लोक मन लावून वाचायचे.

सध्या मी आयर्लंडमध्ये कॉर्क शहराजवळ मुलाकडे आहे. त्यानं सुट्टी काढून चार दिवस आम्हाला केरीला फिरवून आणलं. काय काय टिपून आणायचं याची यादी ग्रुपनं आधीच दिली होती. मी अकरा वेळा गाडी थांबवली, सुनेनं मोजलं. कॉनर पास नावाच्या घाटात रस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली तर एकानं मागं सरायचं. तिथंही मी "थांब रे" म्हणाले. मागच्यानं हॉर्न वाजवला. मुलगा म्हणाला, "आई, तू आमच्याकडे आलीस की रस्त्यांकडे?" रात्री मी फोटो टाकत बसायचे आणि सात वर्षांची नात वाट बघून झोपून जायची.

परत आल्यावर घरासमोरच्या गल्लीचा फोटो टाकला. दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण, मधोमध उगवलेलं गवत. त्यात मुलाची गाडीही आली. अर्ध्या तासात तिथल्याच एका गृहस्थांनी ओळखलं, अमुक वळणानंतरचं तिसरं घर ना? मी खूश होऊन मुलाला दाखवायला गेले. तो पांढराफटक पडला. "माझ्या घराचा पत्ता जगाला दिलास," एवढंच म्हणाला. तीन दिवस कामापुरतं बोलतोय. परतीला १२ दिवस आहेत. ग्रुप सोडू का? तिकीट अलीकडचं करून घेऊ का? या वयात हा छंद म्हणजे खुळच का?

हिली पास नावाचा घाट बघायचा राहिला. दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून तो रस्ता काढलेला. ७२ च्या दुष्काळात माझी आई माण तालुक्यात खडी फोडायला जायची. मी तेव्हा सात वर्षांची होते. पण आता कुठल्या तोंडानं सांगू?

एक वाचक

* * *

ताई, तिकीट बदलू नका. ग्रुपही सोडू नका. गल्लीचा तो फोटो मात्र पुढचं वाचायच्या आधी काढून टाका.

नुसता फोटो काढून भागणार नाही. त्या गृहस्थांनी खाली लिहिलेली ओळ तशीच राहिली तर पत्ताही राहिला. त्यांना सरळ लिहा की हे माझ्या मुलाचं घर आहे, घरच्यांना काळजी वाटते, तुमचंही लिहिणं पुसून टाका. ते मनानं वाईट असतील असं मला वाटत नाही. फोटोवरून जागा ओळखायची यातच या छंदातल्या माणसांना आनंद असतो. तुम्हीही नुसत्या कठड्याच्या दगडांवरून घाट ओळखत असाल. कुणी फोटो आधीच उतरवून घेतला असेल तर त्याला इलाज नाही, पण हातात आहे तेवढं आजच करा.

आता मुलाविषयी. पत्ता म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर येतं ते मारुतीच्या देवळामागं, डेअरीच्या समोर, चार जणांना विचारत विचारत यायचं घर. तिथली रीत वेगळी आहे. २०१५ पासून आयर्लंडमध्ये प्रत्येक पत्त्याला स्वतःचा सात अक्षर-आकड्यांचा एअरकोड आहे. आपला पिनकोड अख्ख्या भागाला एक असतो, त्यांचा दाराला एक. घर नकाशावर सापडलं की कोडही सापडतो, आणि तो टाकला की गाडी थेट फाटकात येऊन उभी राहते. शिवाय गाडीच्या नंबरावरून ती कुठल्या वर्षी आणि कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नोंदवली तेही कळतं, कॉर्कचं अक्षर सी, केरीचं केवाय. तुम्हाला त्या फोटोत गवत आणि कुंपण दिसलं. त्याला आपलं दार दिसलं, गाडी दिसली आणि आत झोपणारी मुलगी दिसली.

आणखी एक गोष्ट आहे, जी त्यानं तुम्हाला सांगितली नसावी. २०२५ च्या जुलैमध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात एका भारतीय माणसावर हल्ला झाला. पाठोपाठ आणखी घटना पुढं आल्या आणि १ ऑगस्टला तिथल्या भारतीय दूतावासानं आपल्या लोकांसाठी सूचना काढली, की जपून राहा आणि निर्जन जागी, विशेषतः अवेळी, जाऊ नका. आयर्लंडच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी या हल्ल्यांचा कडक शब्दांत निषेध केला. तिथली बहुतेक माणसं मायाळू आहेत, हे मी स्वतः तीन आठवडे राहून अनुभवलंय. तरीही भीती एकदा घरात शिरली की लवकर बाहेर जात नाही. माझी भाची गॉल्वेला असते. त्या दिवसांत ती फोनवर रोज पाऊस किती झाला तेवढंच सांगायची. संध्याकाळचं फिरणं तिनं बंद केलं होतं हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही तिच्या नवऱ्याकडून. मुलं लांबून भीती सांगत नाहीत, कारण इथं बसून आपण काय करणार, नुसती झोप घालवणार. तुमचा मुलगाही बहुधा असाच गप्प राहिला असेल. तो पांढरा पडला म्हणता ना? रागानं माणूस लाल होतो, ताई.

म्हणून माफी मागाल ती या भीतीची मागा. जेवणं झाल्यावर, सून समोर असताना, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बोला. "फोटो काढून टाकला, त्या माणसालाही पुसायला लावलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुला इथं भीती वाटते का रे?" एवढं विचारा आणि मग गप्प बसा. "मला मेलीला काय कळतं" असलं काही जोडू नका, नाहीतर त्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागेल आणि त्याचं सांगायचं राहून जाईल.

अकरा थांब्यांचं मात्र तुमचं चुकलंच. तुम्ही बांधकाम खात्यातल्या. साइडपट्टी नसलेल्या रस्त्यावर गाडी उभी करणं म्हणजे काय हे तुम्हाला कुणी सांगायला नको. तिथल्या गावाकडच्या रस्त्यांवर दगडी बांध नाहीतर झुडपं डांबराला टेकलेली असतात, बाजूला सरायला हातभर जागा नसते. अशा रस्त्यांवर वेग कमी व्हावा म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत तिथं स्थानिक रस्त्यांची मर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटर केली. कॉनर पासवर तर मोठ्या बस आणि ट्रकना बंदीच आहे. अशा जागी मागं हॉर्न वाजत असताना मागच्या सीटवरून आलेला "थांब रे" चालवणाऱ्याला किती जड गेला असेल! लायसन्स त्याचं आणि गाडीत लेकरू त्याचं.

मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्या चार दिवसांची यादी ग्रुपनं केलेली होती. पिवळ्या चौकोनाची पाटी हवी, जुना काळापांढरा दिशादर्शक हवा, सगळं दुसऱ्यांनी मागितलेलं. मुलानं सुट्टी काढली, मुक्काम शोधले, कुठं काय दाखवायचं हे त्याच्याही मनात काही असेल. त्याची यादी तुम्ही विचारलीत का?

छंदाला खूळ म्हणू नका. ३६ वर्षं ट्रेसिंग कापडावर लांबछेद, आडछेद काढणाऱ्या बाईला रस्ता बघून भरून येणार नाही तर कुणाला येणार? खात्यात तुमच्या आरेखनावर सही वरच्याची असायची. ग्रुपमध्ये पहिल्यांदा कुणीतरी तुमच्या नावानं विचारलं, की ही कमान कशी उभी राहते, सांगा. त्याची ओढ लागते, आणि ती लागण्यात कमीपणा काही नाही. पण ती कमान तुम्ही मुलाला कधी समजावून सांगितलीत? त्यानं विचारलं नाही हे खरं, आणि तेवढी उणीव त्याचीही आहे. त्याला डबा करून देणारी, वेळेवर ऑफिस गाठणारी आई माहीत आहे. तिच्या हाताखालून कुठले रस्ते गेले ते त्याला माहीत नाही. परक्यांना ते माहीत आहे. "आमच्याकडे आलीस की रस्त्यांकडे" हा प्रश्न मला तिथून आलेला वाटतो.

हिली पासचं तुम्ही पत्राच्या शेवटी, चोरटेपणानं लिहिलंत. मी ते सगळ्यांच्या वर ठेवते. १८४७ साली, बटाट्याच्या पिकावर रोग पडून माणसं उपाशी मरत असताना, त्या डोंगरात या रस्त्याचं काम निघालं. पुढं त्याला आयरिश फ्री स्टेटचे पहिले गव्हर्नर-जनरल टिम हिली यांचं नाव मिळालं. त्या वर्षांत आयर्लंडभर असे रस्ते निघाले. काही कुठंच पोचत नाहीत, माळावर मध्येच संपतात, कारण उपाशी माणसाला मजुरी द्यायची तर काम दाखवावं लागायचं. १९७२ मध्ये आपल्याकडे दुष्काळी कामं निघाली तेव्हाही खडीचे ढीग पडले, रस्ते झाले, पाझर तलाव झाले, लेकरांना सुकडी मिळाली. तुमच्या आईनं फोडलेली खडी कुठल्यातरी रस्त्याच्या पोटात आजही असेल. हिली पासला जायचं कारण मुलाला हे सांगा. ते "अजून एक घाट बघायचाय" म्हणून त्याच्या कानावर पडलं तर तो नाही म्हणेल, आणि त्याचा दोष नसेल.

घाई मात्र नको. आधी दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग त्याला म्हणा, तू रोज कामाला जातोस तो रस्ता मला एकदा दाखव. शेजारी बसा, कॅमेरा पिशवीत ठेवा. तो सांगेल, इथं सकाळी तुंबतं, इथं पहिल्या हिवाळ्यात गाडी घसरली होती, इथल्या दुकानात कधीतरी कोथिंबीर मिळते. दगडी मोरीच्या कमानीवर तासभर बोलू शकणाऱ्या माणसाला पोराच्या रोजच्या नऊ-दहा मैलांवरही बरंच दिसेल.

नातीची वेगळी माफी नको, तिला रात्री गोष्ट हवी आहे. आयरिश भाषेत रस्त्याला जो शब्द आहे, बोहर, त्यात गाय आहे. बो म्हणजे गाय. जुन्या काळी रस्त्याची रुंदी सांगायचे ती अशी, की एक गाय उभी आणि एक आडवी मावली पाहिजे. त्याच शब्दाचं धाकटं रूप बोरीन, म्हणजे तुम्ही फोटो काढलात तसली गल्ली, आपली पाणंद. हे तिला सांगा आणि पाणंदीतून गुरं घरी येतानाची धूळही सांगा. ती तिथल्या शाळेत आयरिश शिकत असेल, तर पाटीवरची वरची तिरप्या अक्षरांतली ओळ तिला वाचता येईल, जी तुम्हाला आणि तिच्या बापालाही येत नाही. तिला मास्तरीण करा. केरीतल्या डिंगल गावाच्या पश्चिमेला आयरिश बोलणाऱ्या भागात 'यील्ड'च्या (म्हणजे 'वाट द्या'च्या) जागी 'गेल श्ली' लिहिलेली पाटी तुम्ही पाहिली असेल, तिचा अर्थ तिला विचारा. दोघी चालत जाल तर आईबापांपैकी एकजण बरोबर असू द्या, आणि पदपथ नसेल तिथं रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला.

ग्रुपला कळवा की आयर्लंडचे बाकीचे फोटो मी घरी गेल्यावर निवांत टाकीन. रस्ते कुठं पळून जात नाहीत आणि खरी हौशी माणसं महिनाभर थांबतात. फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवायची सोय बंद करून घ्या, सुनेला सांगितलंत तर मिनिटभराचं काम आहे. मुलाचं घर, गाडीचा नंबर, नातीची शाळा, नात, यातलं काहीही चौकटीत आलं तर तो फोटो घरच्यांचा. केरीचे फोटो टाकायच्या आधी मुलाला बसवून एकदा दाखवा. कॉनर पासचा दाखवताना तो काहीतरी बोलेल, ते ऐकून घ्या.

हिली पासला न्यायला तो तयार झाला तर वार त्याला ठरवू द्या आणि गाडी थांबायला आखलेली जागा असेल तिथंच थांबू द्या. तिथं उतरल्यावर आधी कॅमेरा काढू नका. खडी फोडताना तुमची आई हातोडी कशी धरायची, कपची डोळ्यांत जाऊ नये म्हणून काय करायची, संध्याकाळी मोजमाप घ्यायला कोण यायचं, आणि तुम्हाला कुठल्या झाडाखाली बसवून जायची, ते त्या बापलेकीला सांगा. नात आता तुमच्या तेव्हाच्या वयाची आहे.