कार्ड कपाटात, नाव यादीबाहेर

ताई, तुमचं वाचून पोटात गोळाच आला. नागपुरातल्या सक्करदऱ्याहून बेसाला राहायला गेलात, मतदार कार्डावर पत्ता जुनाच, आणि मतदानाच्या दिवशी जुन्या शाळेत जाऊन मत टाकून येऊ असा बेत. अगदी हाच बेत घेऊन मी १९ एप्रिल २०२४ ला सकाळी साडेसातला महाल भागातल्या, माझ्या जुन्या घराजवळच्या शाळेत रांगेत उभा होतो. हातात कार्ड, डोक्याला दुपट्टा, आणि ऊन लागू नये म्हणून आईनं खिशात कोंबलेला कांदा. २०१९ ची लोकसभा नि विधानसभा, दोन्ही मतं याच शाळेत दिलेली. मग तपासायचं काय, असा माज.

टेबलावरच्या बाई यादीवर फूटपट्टी सरकवत खाली आल्या. माझ्या ओळीवर थांबल्या आणि काही न बोलता यादीच माझ्याकडे फिरवली. नावावर काट. बायकोच्याही. दोन ओळी खाली घरमालकांच्या आईचं नाव मात्र शाबूत, आणि त्यांना जाऊन दोन वर्षं झालेली!

झालं असं होतं की बीएलओ (आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी) चौकशीला आले तेव्हा नव्या भाडेकरूनं 'ते तर गेले इथून' सांगितलं. खरंच होतं ते. नोटीस आली असेल तर तीही त्याच पत्त्यावर. त्या पोराला दोष नाही देत.

राग येतो तो एका कार्यालयाचा. नाव घेत नाही. जानेवारीत मी पत्ता बदलायचा अर्ज भरून तिथं गेलो होतो. खिडकीवरच्या साहेबांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "कार्ड आहे नं तुमच्याजवळ? मग काहून टेन्शन घेता?" अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. दुसऱ्यांदा गेलो तर ते जेवायला. तिसऱ्यांदा, 'तुमचा भाग आमच्याकडे येत नाही.' कोणाकडे येतो, हे सांगायला तोंड दुखत होतं. तीन अर्ध्या रजा गेल्या राजेहो. पण 'कार्ड आहे म्हणजे झालं' हे मला ऐकायचंच होतं, म्हणून मी ते खरं मानलं. ती चूक माझीच. मत यादीतल्या नावावर मिळतं. कार्ड फक्त तुम्ही कोण ते सांगतं, आणि ते काम आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुकही करतं. घरी येते ती मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र म्हणून चालत नाही.

मतदानाच्या दिवशी अजून शोभा व्हायची होती. रांगेतल्या एका पोरानं व्हॉट्सअॅप दाखवलं: नाव नसेल तर आधार दाखवा आणि 'चॅलेंज व्होट' मागा. मी आत जाऊन मागितलं! केंद्राध्यक्ष हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. चॅलेंज म्हणजे उलटंच प्रकरण निघालं. तुम्ही ते तुम्ही नाहीच, अशी हरकत पक्षाचा एजंट घेतो, आणि त्यासाठी त्यालाच दोन रुपये भरावे लागतात. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेला असेल, तर नियम ४९पी खाली कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं, ते खरं. पण दोन्हींसाठी नाव यादीत पाहिजे. तो मेसेज अजून फिरतो. कृपा करून पुढे पाठवू नका.

आता तुमचं. आजच निवडणूक आयोगाच्या अॅपवर कार्डाचा नंबर टाकून नाव आहे का ते बघा. असेल तर पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरा. मतदारसंघ बदलला तरी तोच चालतो. नव्यानं नाव घालायचा फॉर्म ६ भरू नका, दोन ठिकाणी नाव असणं गुन्ह्यापर्यंत जातं. (नाव कटलंच असेल तर मात्र फॉर्म ६, मला तोच भरावा लागला.) आणि निवडणूक जाहीर व्हायची वाट बघत बसू नका, कारण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेलेच अर्ज धरतात. अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावा. आणखी एक गंमत: बेसा कामठी विधानसभेत येतं, म्हणजे लोकसभेला तुमचा मतदारसंघ रामटेक. राहता नागपुरात, खासदार रामटेकचा. मैत्रिणींशी उमेदवारावरून भांडण्याआधी एवढं बघून घ्या.

मी काही निवडणूक कर्मचारी नाही. नियम बदलतात, तेव्हा माझं ऐकून गप्प बसू नका, बीएलओला गाठून विचारा. माझं मत असं की खिडकीपेक्षा बीएलओ बरे. आमच्या नव्या भागातल्या बाई अंगणवाडीत भेटल्या आणि दहा मिनिटांत काम झालं.

यादीतला तुमचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून न्या, मोबाइलमध्ये नको. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, २०२४ ला मला तो गाडीच्या डिक्कीत ठेवावा लागला, आणि एकाच शाळेत पाच-सहा खोल्या, प्रत्येकीची रांग वेगळी. २० नोव्हेंबर २०२४ ला सगळं जमलं, तरी मी वीस मिनिटं चुकीच्याच रांगेत होतो. बायको तोवर बोटाला शाई लावून फाटकाशी येऊन थांबली होती.