आयटीआयला ‘टाकलेला’ मुलगा

“दहावीला गुण कमी पडले म्हणून मुलाला आयटीआयला टाकले, आता तो तिथेही जात नाही. काय करावे?” हा प्रश्न माझ्याकडे बहुधा प्रवेश होऊन दोन-तीन महिने उलटले, की येतो. विचारणाऱ्या आई-वडिलांच्या आवाजात संतापापेक्षा थकवा अधिक असतो. सरळ उत्तर देण्याऐवजी एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

वडील एका पतसंस्थेत लिपिक, आई गृहिणी आणि मुलगा सोळा वर्षांचा. फिटर ट्रेडला, म्हणजे धातूचे भाग घासून-जुळवून बसवण्याच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळून तीन महिने झाले होते आणि त्यातले शेवटचे तीन आठवडे तो रोज डबा घेऊन घरातून निघत असे व दुपारपर्यंत कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर बसून परत येत असे. आयटीआयमधून फोन आला तेव्हा घरी कळले. “पोरगं हातचं गेलं, मॅडम,” वडील म्हणाले. “भावाचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि हा इथं लोखंड घासतोय, तेही धड घासत नाही.” मुलगा शेजारीच बसला होता, तो खाली पाहत राहिला.

पहिल्या भेटीत माझीही चूक झाली. त्याला उमेद यावी म्हणून मी कोल्हापूरच्या मिस्त्रींची परंपरा सांगू लागले. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने 1918 मध्ये याच गावात सिनेमाचा स्वदेशी कॅमेरा कसा तयार केला, उद्यमनगरच्या छोट्या शेडमधून सुरू झालेले काम शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत कसे पसरले, हे सारे सांगितले. त्याने मानही वर केली नाही. दुसऱ्यांचे मोठेपण ऐकवून मुलाला धीर देता येत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते.

दुसऱ्या भेटीत मी त्याला एकट्याला बोलावले आणि वर्कशॉपमध्ये शेवटच्या दिवशी नेमके काय केले, एवढेच विचारले. थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग हाताने दाखवू लागला. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, माइल्ड स्टीलचा तुकडा बांधायचा, कानस दोन्ही हातांनी धरून पुढे जाताना दाब द्यायचा आणि मागे येताना सोडायचा. नाहीतर दाते बोथट होतात. पृष्ठभाग सपाट झाला असे वाटले की त्यावर ट्रायस्क्वेअर, म्हणजे आपला गुण्या, लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. मधून उजेड दिसला तर काम बाकी आहे. “माझ्या जॉबला एका कोपऱ्यातच उजेड येत होता,” तो म्हणाला. जॉब म्हणजे घासायला दिलेला तो तुकडा. ‘एका कोपऱ्यातच’ हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. ज्याचे मन कामात अजिबात नाही, तो मुलगा कोपऱ्यातल्या उजेडाची आठवण तीन आठवडे बाळगत नाही.

मग अडले कुठे? एक कारण अगदी साधे निघाले. व्हर्नियर कॅलिपर या बारीक मापे घेण्याच्या साधनावर 0.02 मिलिमीटरपर्यंतचे माप वाचावे लागते आणि याला दशांश अपूर्णांक शाळेपासूनच कच्चे. सर्वांसमोर वाचन चुकले, मुले हसली, आणि पुढच्या तासाला जाणे त्याने टाळले. यावर उपाय होता. शिल्पनिदेशकांशी, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या सरांशी, मी बोलले आणि त्यांनी तासानंतर पंधरा-वीस मिनिटे देण्याचे आनंदाने मान्य केले. गैरहजेरीचे खापर आळसावर फोडण्यापूर्वी मुलाला नेमके काय येत नाही, हे पाहावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगते.

दुसरे कारण खोल होते. गणपतीत पाहुणे आले असताना कोणीतरी विचारले, “थोरला काय करतो?” आणि वडील चटकन म्हणाले, “कॉलेजात आहे.” मुलगा आत पाणी आणायला गेला होता; त्याने ते ऐकले. आपण जे शिकतो ते बापाला सांगण्याजोगेही वाटत नाही, हे ज्याला कळले, त्याने सकाळी आठला उठून कानस कशासाठी धरायची?

वडिलांना मी स्वतंत्रपणे भेटले. त्यांना दोष देण्याची मला इच्छा नव्हती आणि त्यांचे ऐकल्यावर तर ती उरलीच नाही. त्यांचे वडील आयुष्यभर एका कारखान्यात लेथवर राबले होते आणि “तू तरी खुर्चीवर बस” असे म्हणत त्यांनी मुलाला बी.कॉम. केले होते. त्या खुर्चीवरून नातू पुन्हा खाली उतरतो आहे, असे या गृहस्थांना वाटत होते. खंडेनवमीला आजोबांचे मायक्रोमीटर आणि कॅलिपर आजही त्यांच्या घरी पूजेत मांडले जातात. ज्या हत्याराला आपण वर्षातून एकदा हळदकुंकू वाहतो, ते मुलाने हातात घेतले तर कमीपणा का वाटावा, हे मी त्यांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत.

त्यांच्या शंका मात्र खऱ्या होत्या आणि त्यांना खरीच उत्तरे देणे मला आवश्यक वाटले. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, अनेक ठिकाणी कंत्राटी काम मिळते, फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामात, उष्णता आणि धूळ असते. हे मी लपवले नाही. त्याचबरोबर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या दहावी उत्तीर्ण मुलाला अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो, आणि 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर प्रशिक्षण घेऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवता येते, हेही सांगितले. यातले त्यांना काहीच माहीत नव्हते. प्रवेशाच्या वेळी त्यांनी विचारलेच नव्हते, कारण त्यांच्या लेखी तो प्रवेश नव्हता, ते ‘टाकणे’ होते. घरात हा शब्द यापुढे वापरायचा नाही, एवढी एक अट मी घातली आणि एकदा वर्कशॉप पाहून यायला सांगितले.

ते गेले. मुलाने त्यांना आपला जॉब दाखवला आणि वडिलांनी तो खिडकीकडे धरून पाहिला, असे आईने मला नंतर सांगितले. हजेरी लगेच सुधारली असे नाही; पुढच्या महिन्यातही चार खाडे झाले. मात्र ते चारही त्याने घरी सांगून केले होते.

उन्हाळ्यात वडिलांचा फोन आला. एका लग्नात कोणीतरी तोच प्रश्न विचारला होता आणि या वेळी त्यांनी “आयटीआयला आहे, फिटरला” असे सांगितले होते. त्यावर समोरच्याने विचारले, “शिकाऊ उमेदवारीचा अर्ज कधी भरायचा असतो? आमच्याही पोराला विचारायचं होतं.” त्यांना सांगता आले नव्हते, म्हणून त्यांनी मला फोन केला होता. मागून मुलाचा आवाज आला, “बाबा, मला विचारा की, मला माहीत आहे.”