वाचकांचे प्रश्न : मध्यवस्तीतला फ्लॅट आणि कोकणचा पाऊस

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून गुहागर तालुक्यातील एका वाडीत स्वतःच्या कौलारू घरात राहतो. मुलगा पुण्यात असतो. दवाखाना, बँक, अगदी चष्म्याची काडी बसवून घ्यायची तरी चिपळूण गाठावे लागते. म्हणून तेथील बाजारपेठेजवळ दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट पाहिला आहे. इमारती एकमेकींना खेटून आहेत, अंगण नाही आणि पुराची धास्ती आहेच. या वयात तेथे राहायला जाणे योग्य ठरेल का?
— एक वाचक दांपत्य

उत्तर : शहराच्या मध्यवस्तीत जाण्याचा आपला विचार मला योग्य वाटतो. उतारवयात डॉक्टर, औषधांचे दुकान, भाजीबाजार आणि एस.टी. स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर असले, म्हणजे माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहत नाही. वाडीत दोन घरांमध्ये अख्खी बाग पसरलेली असते. फ्लॅटमध्ये रात्री छातीत कळ आली तर समोरचे दार वाजवता येते. आपण शिक्षक आहात, म्हणून हेही सांगतो की १८६४ पासून चालत आलेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर याच शहरात आहे, आणि संध्याकाळी चालत जाऊन पुस्तक बदलून आणता येणे हे सुख मी फार मोठे मानतो.

मात्र वस्ती पसंत पडली म्हणून इमारतही पसंत करू नये. चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी येते, आणि मुसळधार पावसाच्या वेळीच खाडीला भरती असली तर ते लवकर ओसरत नाही. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखा तेथील प्रत्येक दुकानदाराला पाठ आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पाणी शिरणार नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. विजेचे मीटर, पाण्याचा पंप आणि लिफ्टची यंत्रणा तळाशी असेल, तर पुरानंतर कित्येक दिवस वरची मंडळी अंधारात, पाण्यावाचून आणि जिन्याच्या भरवशावर राहतात. जमिनीखालच्या टाकीत गाळ शिरला की ती उपसून धुतल्याशिवाय पिण्याचे पाणी मिळत नाही. म्हणून २०२१ साली पाणी भिंतीवर कुठवर चढले होते, त्यानंतर मीटर आणि पंप वर हलवले का, आणि गच्चीवरच्या टाकीत किती दिवसांचे पाणी राहते, हे तिथल्या जुन्या रहिवाशांनाच विचारा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. जलसंपदा विभागाने आखलेली निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. इमारत या रेषांच्या आत पडते का, हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात पाहून घ्यावे, कारण पुढे पुनर्बांधणीची वेळ आली तर परवानगी त्यावरच अवलंबून राहील.

कागदपत्रांबाबत थोडक्यात लिहितो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा नगरपरिषदेचा दाखला), सोसायटीची नोंदणी आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणे) या तीन गोष्टी वकिलाकडून तपासून घ्याव्यात. इमारत नवी असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक पाहावा आणि किंमत चटई क्षेत्रावरच, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरण्याजोग्या जागेवरच, ठरवावी. खांबांवरच्या इमारतीखालची मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे तिच्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर आधी वकिलाला विचारा.

दाटीचा त्रास आपल्याला होईल, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. शेजारच्या कुकरची शिट्टी आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येईल आणि पश्चिमेच्या खिडकीतून झड आत येईल. आमसुले आणि फणसाचे पापड वाळवायला अंगण उरणार नाही. त्यासाठी गच्ची सर्व सभासदांना खुली आहे की वरच्या मजल्यावरच्या कोणी कुलूप लावून ठेवली आहे, हे आधी पाहा. घर पाहायला एप्रिलच्या उन्हात न जाता भर आषाढात जा. भिंतीवरची ओल, जिन्यातले शेवाळ आणि गल्लीत तुंबणारे पाणी तेव्हाच दिसते, आणि अशा दिवशी रुग्णवाहिका दारापर्यंत पोहोचू शकेल का, याचाही अंदाज येतो.

माझा आग्रहाचा सल्ला असा, की लगेच विकत घेऊ नका. त्याच परिसरात अकरा महिन्यांच्या करारावर घर भाड्याने घ्या आणि एक पूर्ण पावसाळा तेथे काढा. वाडीतले घर या काळात विकू नये, कारण गौरी-गणपती तेथेच येणार आणि मुलगा-सूनही तेथेच उतरणार. पण बंद कौलारू घर फार लवकर खचते. शाकारणी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कौले नीट बसवून घेणे, चुकली तर वाशांना पाणी लागते आणि वाळवी धरते. म्हणून विश्वासातल्या एखाद्या कुटुंबाला लेखी करार करून ते राहायला द्यावे, आणि माजघरातली देवाची खोली आपल्याकडे ठेवावी.

प्रश्न : आमचा फ्लॅट रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातील पंचवीस वर्षांच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. दर पावसाळ्यात छत गळते. वरच्या मजल्यावरच्यांनी आपापल्या खर्चाने गच्चीवर पत्रे घालावेत, असे सोसायटी म्हणते. हे बरोबर आहे का?
— एक वाचिका

उत्तर : बरोबर नाही. गच्ची ही सोसायटीची सामाईक मालमत्ता आहे, आणि सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराची नमुना नियमावली) गच्चीतून होणारी पावसाची गळती, तसेच बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे हा सोसायटीचा खर्च आहे; तळमजल्यावरच्या सभासदालाही आपला वाटा द्यावा लागतो. आपल्या न्हाणीघरातून किंवा सिंकमधून खालच्या घरात पाणी जात असेल, तर तो खर्च मात्र आपला. पत्र्यांची शेड कोकणात सर्रास दिसते आणि ती उपयोगीही पडते, पण ती नगरपरिषदेच्या परवानगीनेच घालावी, आणि ती घातली म्हणून मूळ वॉटरप्रूफिंग टाळू नये. समुद्राजवळच्या खारट, दमट हवेत ओल स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोहोचली की सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पापुद्रे खाली पडू लागतात. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी करावी, असे याच उपविधींत आहे. आपल्याकडे ती कधी झाली, हे लेखी विचारा.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. त्याआधीच गळतीची छायाचित्रे जोडून समितीकडे अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि विषयपत्रिकेत तपासणी व वॉटरप्रूफिंग हे दोन्ही विषय मांडायला सांगा. दुरुस्ती निधीत पुरेसे पैसे नसतील, तर वर्गणीचा ठराव त्याच सभेत करून घ्यावा, म्हणजे दिवाळीनंतर दरपत्रके मागवता येतील आणि मे महिना लागण्यापूर्वी काम उरकेल.